केस उपटणारा माणूस

मामंजींचं तेरावं उरकून पाहुणे पांगले, त्या आठवड्यातली गोष्ट. संध्याकाळी कामावरून आल्यावर मी वाचनालयातलं चित्रांचं पुस्तक चाळत बसले होते. एका पानावर आल्ब्रेश्ट ड्युररचं १५१५च्या सुमाराचं एचिंग होतं. लोखंडी पत्र्याला लेप द्यायचा, लेपावर सुईनं रेषा ओढायच्या, मग आम्ल त्या रेषा पत्र्यात उतरवतं. ड्युररनं अशी सहाच केली. हे बहुधा पहिलं.

चित्रात उघडाबोडका माणूस गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी केस उपटतोय. तोंड दिसत नाही. जवळ एक बाई झोपलेली, मागं एकाच्या हातात पेला. हा प्रसंग कुठला, यावर अभ्यासकांचं आजही एकमत नाही. मला बायबलमधला ईयोब आठवला, मुलंबाळं, गुरंढोरं, सगळं गमावलेला. पण ईयोबाचे तीन मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ मुक्यानं बसले होते. ड्युररनंच रंगवलेल्या एका चित्रात त्याची बायको त्याच्या अंगावर पाणी ओतते. इथं त्याच्याकडे कोणी बघतसुद्धा नाही. मग हा ईयोब कसा?

अत्ते मागं येऊन उभ्या होत्या. त्या धारवाडच्या, आमचं बोलणं कन्नडमध्येच.

"इवनु यारु?"

"गोत्तिल्ला, अत्ते."

त्यांनी झोपलेल्या बाईवर बोट ठेवलं. "हिला कुणी उठवत का नाही?"

तीन दिवस मी त्यांचं ताट झाकून ठेवून कामावर जात होते. पुस्तक मिटलं आणि दोन पानं घेतली.