चार चाकं फिरली म्हणून पेट्रोल दुप्पट लागत नाही

"फोर बाय फोर घेऊ नका, लई पेट्रोल खाते. दोनाऐवजी चार चाकं फिरवायची म्हणजे डबल खर्च." मुदखेडच्या बाजारात, नांदेडच्या गॅरेजात, लग्नाच्या पंगतीत, कुठंही गाडीचा विषय निघाला की हे वाक्य येतंच, आणि बाकीचे माना डोलावतात. ज्याच्या शेताची पांदण पावसाळाभर चिखलात असते, पहाटे तोडलेली फुलं वेळेत डांबरी रस्त्याला आणायची असतात, असा माणूसही हे ऐकून बेत सोडून देतो. म्हणून हा गैरसमज मुळापासून तपासला पाहिजे.

गाडी पुढं न्यायला किती जोर लागेल हे गाडीचं वजन, हवेचा अडथळा, टायर फिरताना वाया जाणारी ताकद आणि रस्त्याचा चढ यांवर ठरतं. तो जोर दोन चाकांतून लावला काय किंवा चारांत वाटून दिला काय, एकूण काम तेवढंच राहतं. वाटणी केल्यानं काम दुप्पट कसं होईल? खर्च वाढतो तो वाटणीच्या यंत्रणेमुळं. ट्रान्सफर केस, जादा शाफ्ट आणि जादा डिफरन्शियल यांचं वजन गाडीला वाहावं लागतं, आणि त्यांच्या दात्यांत, तेलात थोडी ताकद जिरते.

ही "थोडी" म्हणजे किती, हे मोजलेलं आहे. मारुतीची ग्रँड विटारा २०२२ मध्ये आली तेव्हा एकाच दीड लिटर पेट्रोल इंजिनावर, एकाच आकाराच्या शरीरात, मॅन्युअल गिअरसह दोन्ही प्रकारांत मिळत होती. प्रमाणित ॲव्हरेज दोन चाकी ओढीच्या गाडीला लिटरमागं २१.११ किलोमीटर आणि चार चाकी ओढीच्या गाडीला १९.३८ किलोमीटर. म्हणजे ॲव्हरेज सव्वाआठ टक्क्यांनी कमी. वर्षाला १२,००० किलोमीटर गाडी फिरली आणि पेट्रोल १०५ रुपये लिटर धरलं, तर जादा जातं सुमारे ५१ लिटर, म्हणजे ५,३०० रुपयांच्या आसपास. महिन्याला साडेचारशे. प्रत्यक्ष रस्त्यावर दोन्ही गाड्यांचं ॲव्हरेज कमी पडतं, त्यामुळं फरक सहा-सात हजारांवर जाईल. पण डबल? हा हिशेब कोणत्या कागदावर केला, ते सांगणाऱ्यानं एकदा दाखवावं.

मग लोक मारुतीच्याच फोर बाय फोर जिम्नीचं नाव घेतात. २०२३ मध्ये आलेल्या मॅन्युअल जिम्नीचं प्रमाणित ॲव्हरेज १६.९४ आहे, ते कमीच आहे, हे मान्य. पण दोष कुणाचा ते बघा. त्याच जातीचं १४६२ सीसी इंजिन मारुतीच्या सियाझमध्ये होतं आणि तिथं आकडा २०.६५ होता. सियाझ बुटकी, निमुळती आणि वजनाला हलकी. तिला छोट्या बॅटरीची मदतही होती. जिम्नी उभ्या पेटीसारखी, खाली शिडीची चासी, गिअरिंग चढासाठी बसवलेलं. शिवाय टू-एच वर (दोन चाकांच्या ओढीवर) असताना जिम्नीत इंजिनाची ताकद फक्त मागच्या चाकांना जाते. डांबरावरून नांदेडला जाताना ती दोन चाकांचीच गाडी असते. पेट्रोल खातो तो तिचा आकार.

त्यातही वेगाचा वाटा मोठा. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गानं वाढतो: ताशी ८० वरून १०० वर गेलात की तो ५६ टक्क्यांनी वाढतो. नागपूर-तुळजापूर महामार्ग चौपदरी झाल्यापासून नांदेड-लातूर पट्ट्यात शंभरानं जाणं रोजचं झालंय. उभ्या तोंडाची गाडी शंभरानं पिटाळायची आणि खापर पुढच्या शाफ्टवर फोडायचं, याला काय म्हणावं?

कंपनीचा आकडा खोटा असतो, ही तक्रार अर्धीच खरी. तो आकडा पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत रोलरवर, एसी बंद ठेवून, ताशी ९० च्या आतल्या वीसेक मिनिटांच्या ठरलेल्या चालीवर निघतो. तुमच्या रस्त्याचं भाकीत म्हणून तो निरुपयोगी आहे. दोन गाड्यांची एकमेकींशी तुलना करायला मात्र तोच उपयोगी, कारण दोघींची परीक्षा एकच. स्वतःचा आकडा हवा असेल तर टाकी फुल्ल करा, ट्रिप मीटर शून्यावर आणा आणि पुढच्या वेळी त्याच पंपावर पुन्हा फुल्ल करून भागाकार करा. एका टाकीवर निकाल देऊ नका, तीन-चार टाक्यांची सरासरी घ्या.

आता याच्या उलट टोकाचा गैरसमज, आणि खरा खर्च तिथं आहे. "फोर बाय फोरचे पैसे दिलेत ना, मग पावसाळाभर फोर-एच वरच ठेवा, पकड चांगली राहते." जिम्नी, थार यांसारख्या, लिव्हरनं फोर बाय फोर लावायच्या गाड्यांच्या बाबतीत हे साफ चूक आहे. मळणीच्या खळ्यावर आतला बैल जवळजवळ जागच्या जागी फिरतो आणि बाहेरच्याला लांब चालावं लागतं. वळणावर गाडीच्या पुढच्या चाकांनाही मागच्यांपेक्षा लांबचा रस्ता कापावा लागतो. या गाड्यांमध्ये मधलं डिफरन्शियल नसतं, फोर-एच वर पुढचा आणि मागचा शाफ्ट एकाच वेगाला जखडले जातात. चिखलात चाकं थोडी घसरून तो फरक मोकळा करतात. डांबरावर घसरायला जागा नसते, म्हणून ताण शाफ्टवर, जॉइंटवर आणि ट्रान्सफर केसवर येतो. स्टिअरिंग जड होतं, टायर घासले जातात, लिव्हर अडकतो. बिल पाच हजारांत भागत नाही. आणि ओल्या डांबरावर फोर-एच नं ब्रेक जास्त लागत नाही. ब्रेक प्रत्येक गाडीला चारही चाकांना असतातच. (ग्रँड विटारासारख्या, गरज पडली तरच मागं ताकद पाठवणाऱ्या गाड्यांची यंत्रणा वेगळी, तिथं ऑटोवर ठेवून डांबरावर चालवायला हरकत नाही.)

उलट काही जण लिव्हरला हातच लावत नाहीत, झिजेल म्हणून. टोयोटाच्या पुस्तिका महिन्यातून किमान १६ किलोमीटर फोर-व्हीलवर चालवायला सांगतात, तेल सगळीकडं फिरावं म्हणून. पांदणीवर, मऊ मातीत ते सहज होतं.

आता बाकीच्या ऐकीव गोष्टी. "फोर बाय फोरला टॅक्स आणि इन्शुरन्स जास्त." निव्वळ फोर बाय फोर म्हणून दर वाढत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासूनच्या जीएसटीत १८ की ४० टक्के हे लांबी, इंधन आणि सीसी ठरवतात. थारचं दीड लिटर डिझेल १८ मध्ये बसतं, २.२ लिटर ४० मध्ये जातं; जिम्नी चार मीटरच्या आत असूनही पेट्रोलची १२०० सीसीची मर्यादा ओलांडते म्हणून तीही ४० मध्ये. थर्ड पार्टी विम्याचंही तसंच: जून २०२२ पासूनच्या दरांत १००० ते १५०० सीसीला वर्षाला ३,४१६ रुपये, त्यावर ७,८९७ रुपये, जीएसटी वेगळा.

"मोठे टायर टाकले आणि ॲव्हरेज पडलं." काही खरंच पडतं, काही नुसतं पडल्यासारखं दिसतं. जिम्नीच्या १९५/८० ऐवजी २३५/७५ चे टायर घातले की घेर जवळपास ६ टक्क्यांनी वाढतो आणि मीटर तेवढे किलोमीटर कमी मोजतं.

"पेट्रोलमध्ये इथेनॉल आलं, ॲव्हरेज निम्मं झालं." नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालानुसार ई-२० (२० टक्के इथेनॉलच्या पेट्रोल) मुळं जुन्या घडणीच्या चारचाकींत ६ ते ७ टक्के घट, ई-२० साठी जुळवलेल्यांत १ ते २ टक्के. घट आहे, निम्मं नाही.

"उतारावर न्यूट्रल केलं की पेट्रोल वाचतं." इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये ॲक्सिलरेटर सोडला की इंधन तुटतं, न्यूट्रलमध्ये ते चालूच राहतं, आणि उतारावर ताबाही जातो.

"फोर बाय फोर कुठंही निघते." आपल्या काळ्या मातीत नाही. ती टायरच्या खाचांत भरली की चारही चाकं गुळगुळीत होतात. पुलावरून पाणी वाहत असेल तर मुळीच नाही: अमेरिकेची हवामान सेवा सांगते की दोन फूट वाहतं पाणी बहुतेक गाड्या वाहून नेतं, एसयूव्हीसुद्धा.

रोजची ये-जा मुदखेड ते नांदेड डांबरानंच असेल आणि शेत रस्त्याला लागून असेल, तर चार चाकी ओढ घेऊ नका. तिची जादा किंमत खरेदीतच मोजावी लागते. पण वर्षातले तीन महिने पांदण बंद पडत असेल आणि मालाची वेळ चुकत असेल, तर सहा-सात हजारांच्या पेट्रोलसाठी बेत सोडू नका. शोरूममध्ये दोन प्रश्न विचारा: मधलं डिफरन्शियल आहे का, आणि चार टायरचा संच कितीला पडतो.