प्लास्टर निघाल्यानंतरची वेदना

सहा आठवड्यांची मुदत भरून पायाचे प्लास्टर कापले जाते, क्ष-किरण चित्रात हाड सांधलेले स्पष्ट दिसते, आणि तरीही पहिले पाऊल टेकताच पोटरीत अशी कळ उठते की, हाड नीट जुळलेच नसावे या शंकेने रुग्ण हवालदिल होतो. वस्तुतः निश्चलतेशी जुळवून घेताना ज्याने आपली घडणच पालटून टाकली, त्या स्नायूची ही वेदना बहुधा असते.

स्नायुतंतू म्हणजे जेमतेम अडीच सहस्रांश मिलिमीटर लांबीच्या हजारो आकुंचनशील घटकांची, सार्कोमियरांची, एकापुढे एक जोडलेली मालिका. १९७२ साली ताबारी, गोल्डस्पिंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांजरांच्या पोटरीतील सोलियस हा स्नायू आखडलेल्या स्थितीत प्लास्टरमध्ये जखडून ठेवला, तेव्हा त्यातील सार्कोमियरांची संख्या सुमारे ४० टक्क्यांनी घटली; तोच स्नायू ताणलेल्या स्थितीत जखडला असता ती उलट सुमारे २० टक्क्यांनी वाढली. केवळ वापराच्या अभावाने स्नायू झिजतो या समजुतीला एवढे सुबक उत्तर क्वचितच मिळाले असेल. कारण निश्चल दोन्ही होते, परंतु प्रत्येकाने वाट्याला आलेल्या लांबीप्रमाणे स्वतःस बेतून घेतले.

झीज अर्थात होतेच. प्रथिनांच्या जमाखर्चात जमेची बाजू मंदावते आणि तंतू कृश होतात. त्यांच्याभोवतीच्या कोलॅजेनाचे प्रमाण त्या मानाने वाढून स्नायू ताठर बनतो. अशा आखूड, दुर्बळ स्नायूवर देहाचा भार एकाएकी पडला, विशेषतः जिना उतरताना आकुंचन पावत असतानाच त्याला ताणले जावे लागले, म्हणजे तंतूंना व त्यांच्या आवरणांना सूक्ष्म इजा होते, कॅल्शियम आत शिरते आणि दाह सुरू होतो. ब्रॅडिकिनिन, प्रोस्टाग्लँडिन व मज्जातंतुवर्धक द्रव्य ही तेथील बारीक वेदनातंतूंची टोके इतकी हळवी करून सोडतात की, एरवी जाणवलाही नसता असा दाब त्यांना दुखू लागतो. या घडामोडींना अवधी लागत असल्यामुळे दुखणे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेस पोहोचते. त्याचा ठपका लॅक्टिक आम्लावर ठेवण्याची प्रथा आहे, पण ते तर श्रमानंतर तास-दीड तासातच बव्हंशी निघून गेलेले असते.

मांजरांचे प्लास्टर काढल्यावर सार्कोमियरांची संख्या काही आठवड्यांत पूर्ववत झाली. माणसातही भार क्रमाक्रमाने वाढवला तर हे दुखणे ओसरते. मात्र एकाच पोटरीला सूज, ऊब आणि लाली असेल, तर ते स्नायूचे दुखणे न मानता, खोल शिरेत रक्ताची गुठळी झाली आहे काय, हे डॉक्टरांकडून त्याच दिवशी तपासून घ्यावे. आणि जोडीला धाप लागली किंवा छातीत दुखू लागले, तर क्षणाचाही विलंब न लावता इस्पितळ गाठावे.