वेळेआधी पडणारी ठिणगी

पेट्रोल इंजिनात पिस्टन पार वर पोहोचला, मिश्रण पुरतं दाबलं गेलं की मगच ठिणगी पडत असेल, असं कुणालाही वाटेल. पण कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनीत, म्हणजे मुंबईच्या जुन्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत, ठिणगी पडते तेव्हा पिस्टन अजून वर चढतच असतो. चढणाऱ्या पिस्टनच्या तोंडावर आग! आणि हा बिघाड नव्हे. ती किती आधी पडावी ते ठरवणं म्हणजेच टायमिंग लावणं.

आग लागायला वेळ लागतो, हे त्याचं कारण. पाहुणे पानावर बसल्यावर कुणी चूल पेटवायला घेत नाही. सिलिंडरमधलं मिश्रण एकदम फुटत नाही. प्लगपाशी ज्योत जन्मते आणि जाळत जाळत पुढे सरकते. निवांत मिश्रणात तिचा जळण्याचा वेग सेकंदाला जेमतेम ४०-५० सेंटिमीटर. पद्मिनीचा सिलिंडर ६८ मिलिमीटर रुंद आहे. म्हणजे या चालीनं सगळं जळायला सेकंदाचा दहावा भाग तरी हवा. इकडे इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर पिस्टनची वरून खाली येण्याची अख्खी खेप सेकंदाच्या शंभराव्या भागात संपते. हिशेब जुळतच नाही.

तो जुळतो खळबळीमुळे. व्हॉल्व्हमधून घुसलेली हवा सिलिंडरात भोवरे करते, त्यांत ज्योत फाटते, सुरकुतते, तिचा पृष्ठभाग वाढतो आणि जळणं कितीतरी पटींनी वेगावतं. शिवाय इंजिन जितकं जोरात पळेल तितकी खळबळ जास्त, आणि तितकी ज्योतही चपळ. ही मेहेरबानी नसती तर मोटारगाडी रस्त्यावर आलीच नसती, असं मी तरी खुशाल म्हणेन.

तरीही काही मिलिसेकंद लागतातच. मिनिटाला ७५० फेऱ्यांवर क्रँक, म्हणजे पिस्टननं फिरणारा दांडा, एका मिलिसेकंदात साडेचार अंश फिरतो, ३००० वर अठरा. म्हणून वेग वाढला की ठिणगी आणखी आधी पडायला हवी. ती पाडतात प्लगांना ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या पोटातली दोन छोटी वजनं. वेगाबरोबर ती स्प्रिंगा ताणत बाहेर फेकली जातात आणि वरचा कॅम पुढे सरकवतात. ना चिप, ना सेन्सर.

ठिणगीची रीतही उफराटीच आहे. सीबी पॉइंट, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधला उघडझाप करणारा स्विच, चिकटलेले असताना कॉइलमधून १२ व्होल्टच्या बॅटरीचा करंट वाहतो. कॅमनं ते उघडले, करंट तुटला, की कॉइलमधलं चुंबकत्व कोसळतं आणि हजारो व्होल्टचा झटका प्लगकडे धावतो. म्हणजे ठिणगी जोडण्याची नाही, तोडण्याची. चार सिलिंडरांच्या इंजिनात ३००० फेऱ्यांवर हे सेकंदाला शंभर वेळा घडतं. चार्ल्स केटरिंग या अमेरिकी अभियंत्याची ही पद्धत १९१० च्या कॅडिलॅकमध्ये आली आणि बरीच दशकं जगभर टिकली.

आता टायमिंग लावायचं कसं? क्रम चुकला तर सगळंच फिसकटतं. आधी पॉइंटची फट, फीलर गेजनं. फट मोठी असेल तर पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग आपोआप पुढे जातं. म्हणून नंतर फटीला हात लावाल तर केलेलं काम वाया. मग क्रँक हातानं फिरवून पुलीवरची खूण नेमक्या जागी आणायची आणि पॉइंटना करंट देणारी वायर व बॉडी यांच्यात बारा व्होल्टचा बल्ब लावायचा. इग्निशन चालू करून, क्लॅम्प सैल ठेवून, डिस्ट्रिब्युटर त्याच्या आत फिरणाऱ्या रोटरच्या उलट दिशेनं हळूहळू फिरवायचा. बल्ब पेटला तो क्षण पॉइंट उघडल्याचा. बस्स, तिथेच आवळायचं. डिस्ट्रिब्युटरचा दांडा क्रँकच्या निम्म्या वेगानं फिरतो, म्हणून इथला एक अंश तिकडे दोन होतो. हात हलका हवा.

आयडलिंग, म्हणजे उभ्या गाडीत इंजिनाचं संथ चालणं, सगळ्यात शेवटी. कार्ब्युरेटरवर दोन स्क्रू: एक थ्रॉटलची पाकळी किंचित उघडी धरतो, दुसरा मिश्रण ठरवतो. टायमिंग मागे पडलं की इंजिन मरगळतं, आणि घाईतला माणूस थ्रॉटलचा स्क्रू आवळून स्पीड वाढवतो. इथेच घोटाळा होतो. पाकळी जास्त उघडली की तिच्या कडेजवळची वेगळी छिद्रं पेट्रोल सोडू लागतात, मिक्श्चर स्क्रूचा ताबा सुटतो, आणि मग तो कितीही फिरवा, इंजिन दाद देत नाही. टायमिंग बरोबर असेल तर तोच स्क्रू पाव फेरा हलवला तरी आवाजात फरक कळतो. इंजिन सगळ्यात जलद आणि सलग चालेल तिथे तो सोडायचा आणि थ्रॉटलच्या स्क्रूनं स्पीड खाली आणायचा.

जुने मेकॅनिक एवढ्यावर थांबत नाहीत. गाडी रस्त्यावर काढून, टॉप गिअरमध्ये कमी वेगावर असताना अ‍ॅक्सिलरेटर दाबतात. बारीकसा टकटक आवाज येऊन लगेच विरला तर टायमिंग जमलं. टकटक चालूच राहिली तर ठिणगी फार लवकर पडतेय. डिस्ट्रिब्युटर किंचित मागे. आवाज अजिबातच नाही आणि पिकअपही नाही, तर किंचित पुढे.