जुनी ३७२ कीं नवी ५७२ : सांखळी-करवतीची निवड

जुन्या आमराईंची छाटणी, वादळानें पडलेल्या झाडांची विल्हेवाट आणि बांधावरील इमारती लाकडाची तोड हीं कामें कुऱ्हाडीनें व दोन माणसांच्या करवतीनें करणारे गडी आतां मिळेनासे झाले आहेत. ता. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळानें रायगड जिल्ह्यांत व दापोली-मंडणगड भागांत नारळ, सुपारी, आंबा व फणस यांच्या बागा आडव्या केल्या, तेव्हां यांत्रिक सांखळी-करवतीचें, म्हणजे ज्यास आपले लाकूडतोडे नुसतें ‘कटर’ म्हणतात त्या चेनसॉचें, मोल तेथील बागायतदारांस चांगलेंच कळलें. तेव्हांपासून दोघां-चौघांनीं मिळून एक मोठें यंत्र घ्यावें असा विचार पुष्कळ ठिकाणीं चालू असतो. आणि विचार दुकानापर्यंत पोहोंचला कीं प्रश्न येतो तो हा, कीं जुन्या बांधणीची नांवाजलेली करवत घ्यावी कीं नव्या बांधणीची. या प्रश्नाचा उलगडा हस्कवार्नाच्या ३७२ एक्सपी व ५७२ एक्सपी या दोन करवतींच्या उदाहरणानें आम्ही येथें करणार आहों.

हस्कवार्ना हें स्वीडनमधील एका गांवाचें नांव. तेथें १६८९ साली बंदुकांचा कारखाना निघाला व त्याच कारखान्यानें १९५९ पासून चेनसॉ करण्यास आरंभ केला. ३७२ ही गेल्या शतकाच्या अखेरची. तिच्या सिलिंडराचा व्यास ५० मिलिमीटर, पिस्टनची धांव ३६ मिलिमीटर, म्हणजे आंतील जागा ७०.७ घन सेंटिमीटर, शक्ति ३.९ किलोवॅट, आणि बार व सांखळी वगळून वजन सुमारें ६.१ किलो. ५७२ ही २०१८ सालीं निघाली. सिलिंडर जवळजवळ तेवढाच, शक्ति ४.३ किलोवॅट, वजन सुमारें ६.६ किलो. या दोहोंच्या मधें ३७२ याच नांवाची, परंतु पुढें ‘एक्स-टॉर्क’ असें लिहिलेली एक करवत आहे. जुना माल घेणारानें येथें सावध असावें. नांव एक असलें तरी तिचे सिलिंडर, पिस्टन व कार्ब्युरेटर मूळ ३७२ ला बसत नाहींत.

नवी बांधणी कां निघाली हें समजलें म्हणजे निवड अर्धी सोपी होते. या सर्व करवतींचें इंजिन दोन धांवांचें. त्यांत जळलेला धूर बाहेर घालविण्याचें काम नव्या येणाऱ्या पेट्रोल-हवेच्या मिश्रणाकडूनच करून घेतलेलें असतें. घरांतील केर काढण्यास धान्यच फेंकावें तसा हा प्रकार! धुराबरोबर कांहीं मिश्रण न जळतांच सायलेन्सरमधून निघून जातें. पैसा जातो आणि हवाही बिघडते. अमेरिकेंत व युरोपांत अशा लहान इंजिनांच्या धुरावर कायद्यानें मर्यादा आल्या, तेव्हां कारखानदारांस हें थांबविणें भाग पडलें. नव्या इंजिनांत मिश्रण येण्यापूर्वीं नुसत्या स्वच्छ हवेचा एक थर सिलिंडरांत शिरतो, तो धुरास बाहेर ढकलतो, व मिश्रण त्याच्या मागून येतें. बाहेर जाते ती बहुतांशीं हवा. यामुळें पेट्रोल शेंकडा वीसपर्यंत कमी लागतें असें कारखानदार सांगतात. दिवसभर करवत चालविणारास ही बचत थोडी नव्हे. वर्षांतून पंधरा दिवस चालविणारानें मात्र तिच्यासाठीं जीव टाकूं नये.

दुसरा आणि आमच्या मतें अधिक महत्त्वाचा फरक कार्ब्युरेटरचा. ३७२ च्या कार्ब्युरेटरला तीन स्क्रू आहेत. एक मंद गतीच्या मिश्रणाचा, एक पूर्ण गतीच्या मिश्रणाचा व एक नुसती मंद गति कमीअधिक करण्याचा. ते फिरविणें चालविणाराच्या हातीं व कानीं आहे. पूर्ण गतीचा स्क्रू फार आवळला कीं पेट्रोल कमी जातें, करवत कर्कश किंचाळूं लागते, आणि अडाण्यास वाटतें कीं यंत्र फार जोरांत आलें. वस्तुतः पेट्रोलाबरोबर तेलही कमी जात असतें; पिस्टन तापतो, त्यावर उभे ओरखडे पडतात, व एका दुपारीं इंजिन निकामी होतें. योग्य मेळ असलेली करवत मोकळी चालवितांना आवाजांत किंचित् अडखळते व लाकडाला लावतांच तो अडखळा जाऊन स्वच्छ बोलूं लागते. हा कान ज्यास आहे त्यास ३७२ सारखें दुसरें यंत्र नाहीं. ५७२ मध्यें हें काम यंत्र स्वतः करतें. इंजिनाच्या फेऱ्यांवरून अंदाज घेऊन विजेवर चालणारी एक लहानशी झडप पेट्रोल कमीअधिक सोडते. उंची, थंडी-उष्णता, भुशानें कोंदलेला एअर फिल्टर या सर्वांचा हिशेब ती आपला आपण ठेवते.

इथेनॉलच्या दृष्टीनें या गोष्टीस हल्लीं विशेष महत्त्व आलें आहे. सन २०२५ पासून आपल्याकडे पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलांत इथेनॉलचें प्रमाण शेंकडा वीसपर्यंत गेलें आहे. इथेनॉलमध्यें प्राणवायु असतोच, म्हणून तेवढ्याच पेट्रोलांत मिश्रण पातळ पडतें. पूर्वींच्या पेट्रोलावर जुळवून ठेविलेली जुनी करवत स्क्रू न फिरवितां तशीच चालविली तर ती अधिक तापणार. नवी करवत हा फरक बऱ्याच अंशीं सांवरून घेते. मात्र इथेनॉल हवेंतील ओलावा शोषून घेतें, पाणी वाढलें कीं तें पेट्रोलापासून वेगळें होऊन तळाशीं बसतें, व जुन्या रबरी नळ्या फुगवितें. त्यांतून जुनी-नवी कोणतीच करवत सुटत नाहीं. कोंकणच्या पावसाळ्यांत तर हें हटकून घडतें. म्हणून दर लिटरास २० मिलिलिटर दोन धांवांचें चांगलें तेल घालून लागेल तेवढेंच मिश्रण करावें, महिन्याच्या आंत संपवावें, आणि करवत ठेवून देतांना टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावें.

एवढें वाचून नवी करवतच घ्यावी असें कोणास वाटेल. पण दुरुस्तीचा विचार बाकी आहे. ३७२ चा मेळ एका स्क्रू-ड्रायव्हरनें जमतो. जो मिस्त्री फवारणीचा पंप किंवा जुनी दोन धांवांची मोटारसायकल उघडतो, त्यास ती कठीण नाहीं. ५७२ च्या झडपेंत बिघाड झाला तर तो शोधण्यास विक्रेत्याजवळचें संगणकी उपकरण लागतें. असा विक्रेता तालुक्याच्या गांवीं असेल तर चिंता नाहीं. तो दीडशें कोसांवर असेल आणि वादळानंतर रस्ते बंद असतील तर ऐन गरजेच्या आठवड्यांत ही महाग करवत ओटीवर शोभेला राहील. खरेदीपूर्वीं किंमत विचारण्याआधीं दुरुस्ती कोठें होते तें विचारावें.

जुनी करवत वापरलेली घेणें असेल तर बाहेरचा रंग पाहूं नये. सायलेन्सरचे स्क्रू काढून तो बाजूस करावा आणि त्या भोंकांतून बॅटरीच्या उजेडांत पिस्टन पाहावा. तो गुळगुळीत असला तर पुढें बोलावें. उभे ओरखडे असले तर उठावें. सिलिंडराच्या आंत कठीण धातूचा पातळ लेप असतो, तो गेला तर मोटारीप्रमाणें बोअर करून चालत नाहीं, सिलिंडरच बदलावा लागतो. दाब मोजण्याचें घड्याळ मिळाल्यास दोरी अनेकदां ओढून दर चौरस इंचास १५० पौंडांच्या आसपास दाब येतो कीं नाहीं पाहावें. आणखी एक, ३७२ ची कीर्ति मोठी असल्यानें तिच्या हुबेहूब नकला व नकली भाग बाजारांत पुष्कळ आहेत. स्वस्त सिलिंडरांतील लेपाची खात्री नसते.

वजनाचा फरक अर्ध्या किलोचा. तराजूंत तो क्षुल्लक, पण झाडावर चढून छाटणी करणारास संध्याकाळीं तो क्षुल्लक वाटत नाहीं. खरें म्हणजे झाडावर चढून छाटण्यास या दोन्ही करवती अवजड आहेत. नुसत्या फांद्या व हातभर जाडीचीं खोडें एवढेंच काम असेल तर पन्नास घन सेंटिमीटरची करवत पुरे. सत्तरची हौस करूं नये. सांखळीस धार नसेल तर नवें-जुनें सारखेंच. या करवतींच्या तीन-अष्टमांश इंची सांखळीस ५.५ मिलिमीटरची गोल कानस लागते, व पेट्रोल भरतांना दर वेळीं दोन-दोन हात मारणें हें काम दुपारीं अर्धा तास घासण्यापेक्षां बरें. नारळाचें खोड धार लवकर खातें.

आमचें मत विचाराल तर असें आहे : एकाच कसबी माणसाच्या हातीं करवत राहणार असेल आणि त्यास मेळ जमविण्याचा कान असेल, तर चांगली राखलेली ३७२ घ्यावी. भागीदारींत, म्हणजे आज एकाचा गडी व उद्यां दुसऱ्याचा अशी चालणार असेल, तर ५७२ घ्यावी. कारण स्क्रूच नसला म्हणजे तो फिरविण्याचा मोह कोणास होत नाहीं. अट एकच, विक्रेता दिवसाच्या प्रवासांत असावा. नसेल तर भागीदारांनीं जुनीच घेऊन स्क्रू फिरविण्याचा अधिकार एकाकडेच ठेवावा.

शेवटीं दप्तराची गोष्ट, जी आम्हांस आयुष्यभराच्या नोकरीमुळें सुचते. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ अन्वयें साग, आंबा, फणस, चिंच, जांभूळ, ऐन, किंजळ, खैर आदि अनुसूचीतील झाडें स्वतःच्या सातबाऱ्यावरील असलीं तरी वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीवांचून तोडतां येत नाहींत. भारतीय वन अधिनियम, १९२७ प्रमाणें वनगुन्ह्यांत वापरलेलीं हत्यारें जप्त होऊं शकतात. करवत ठेकेदारास भाड्यानें देतांना त्याजकडील परवानगीची नक्कल आधीं पाहून ठेवावी, आणि खरेदीची पावती, ज्यावर यंत्राचा क्रमांक लिहिलेला आहे अशी, भागीदारांपैकीं एकाच्या नांवें करून बाकीच्यांच्या सह्या तिच्या नकलेवर घ्याव्या.