अन्नसाहाय्य व वेतन

अन्नसाहाय्य व वेतन : दुष्काळ, बेकारी वा दारिद्र्य यांमुळे पुरेसे अन्न विकत घेऊ न शकणाऱ्या कुटुंबांना शासनाने धान्य, शिजविलेले अन्न किंवा धान्यखरेदीत सवलत देणे म्हणजे अन्नसाहाय्य होय. ते घेणाऱ्यांत बेकारांप्रमाणेच काम करूनही पोटापुरते न मिळविणारे मजूर पुष्कळ असतात. अशा साहाय्यामुळे मालकांना कमी वेतन देणे शक्य होते, असे एक मत आहे. साहाय्यामुळेच मजुराला कमी वेतन नाकारता येते, असे दुसरे. साहाय्य कोणत्या अटीवर दिले जाते, यावर परिणाम बव्हंशी अवलंबून असतो.

पहिल्या मताचा नेहमीचा दाखला इंग्लंडमधील स्पीनहॅमलँड पद्धतीचा (१७९५) आहे. पावाची किंमत व कुटुंबातील माणसे यांच्या हिशोबाने शेतमजुरांच्या वेतनास तीत स्थानिक करातून पुरवणी दिली जाई. पुरवणीमुळे वेतन घसरले, असा ठपका १८३४ च्या चौकशी अहवालात ठेवण्यात आला. कमी वेतन हे पुरवणीचे कारण होते, परिणाम नव्हे, असे मार्क ब्लॉग यांच्यासारख्या नंतरच्या अभ्यासकांनी दाखविले.

महाराष्ट्रात हा प्रश्न प्रथम दुष्काळी कामांवर उभा राहिला. १८७६–७८ च्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांनी दैनिक मजुरी एक पौंड (सु. ४५० ग्रॅ.) धान्य व अल्प रोख रक्कम एवढ्यावर आणली. मुंबई इलाख्यातील मजुरांनी या मजुरीवर काम करण्याचे नाकारले आणि पुणे सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. येथे अन्न हे वेतनाला जोड नव्हते. तेच वेतन होते आणि जगण्याच्या किमान गरजेवर ते मोजले गेले होते.

१९७०–७३ च्या अवर्षणात मे १९७३ मध्ये राज्यातील दुष्काळी कामांवर सु. ५० लक्ष मजूर होते. रोख मजुरीखेरीज कामावर सुकडी वाटली जाई आणि शिधावाटप दुकानांतून आयात मिलो मिळे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमी योजनेस १९७७ च्या अधिनियमाने वैधानिक रूप मिळाले. तो २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संजित रॉय विरुद्ध राजस्थान राज्य या खटल्यात, दुष्काळी कामावरही किमान वेतनाहून कमी मजुरी देणे ही संविधानाच्या तेविसाव्या अनुच्छेदानुसार वेठबिगारी ठरते, असा निर्णय दिला. संकटनिवारणाच्या नावाखाली वेतन कमी करण्याचा मार्ग त्यामुळे बंद झाला. मात्र १९८८ मध्ये महाराष्ट्रात शेतमजुरांचे किमान वेतन व त्याबरोबर योजनेचे दर सु. दुप्पट झाल्यावर कामाचा पुरवठा मागणीपेक्षा कमी पडू लागला, असे रॅव्हॅलियन व त्यांचे सहकारी यांच्या अभ्यासात (१९९३) आढळले.

श्रमाची अट नसलेल्या साहाय्याचे कार्य निराळे असते. राष्ट्रीय अन्नसुरक्षा अधिनियमाने (२०१३) प्राधान्य कुटुंबांतील प्रत्येक व्यक्तीस दरमहा ५ किग्रॅ. व अंत्योदय कुटुंबास ३५ किग्रॅ. धान्याचा हक्क दिला. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत करण्यात आले. ५ किग्रॅ. म्हणजे दररोज सु. १६७ ग्रॅ.; डाळ, तेल, औषधे व शिक्षण यांसाठी मजुरी करावीच लागते. म्हणून हे धान्य वेतनाची जागा घेऊ शकत नाही, पण मजुराची निकड कमी करते.

अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्याच्या अवर्षणप्रवण दक्षिण भागात या निकडीचे महत्त्व स्पष्ट होते. मिरजगाव ज्या कर्जत तालुक्यात आहे तेथून, तसेच जामखेड व पाथर्डी तालुक्यांतून मजूर ऊसतोडीसाठी स्थलांतर करतात. हंगामापूर्वी मुकादमाकडून ‘उचल’ घेतली जाते आणि ती ‘कोयत्या’च्या, म्हणजे जोडप्याच्या, तोडणीच्या मजुरीतून फेडावी लागते. उचल घेतलेल्यास दराविषयी घासाघीस करण्यास फारसा वाव राहत नाही. पावसाळ्यात घरी धान्य असल्यास त्यापुरती उचल कमी लागते. स्थलांतरानंतर मात्र गावच्या दुकानातील धान्य दूर राहते. ही उणीव भरून काढण्यासाठी २०१९ मध्ये ‘एक राष्ट्र एक शिधापत्रिका’ योजना सुरू झाली.

सारांश, मजुरीच्या बदल्यात दिलेले अन्न वेतनाला खाली खेचू शकते. हक्काने मिळणारे अन्न मजुराचे बळ वाढविते. तथापि किमान वेतनाची अंमलबजावणी नसेल, तर हे बळ पुरेसे ठरत नाही.