बोचक्यातील सहा महिने

दसरा उलटला की बीड जिल्ह्यातील पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर या तालुक्यांत बोचकी बांधली जाऊ लागतात. हवा तेव्हा सुखद असते. परंतु कपडे निवडावयाचे ते त्या हवेसाठी नव्हेत. पश्चिम महाराष्ट्रात वा कर्नाटकात ऊसतोडीस निघालेल्या जोडप्याला, म्हणजे मुकादमाच्या हिशेबातील एका ‘कोयत्या’ला, पौषातील पहाटेचे दहिवर आणि चैत्रातील ऊन या दोहोंना पुरेल एवढेच सामान नेता येते. कोपीत अंथरावयास गोधड्या, उसाच्या पात्याने हात चिरू नयेत म्हणून साडीवर चढविण्यास पुरुषी सदरा. उचल बहुधा आधीच खर्ची पडलेली. मग नवे कापड कोठून येणार?

खरा प्रश्न निराळाच आहे. त्या बोचक्यात मुलाचे कपडे बांधले गेले, तर त्याची शाळा सुटली असे समजावे. हंगामी वसतिगृहे आहेत. संत भगवानबाबा वसतिगृह योजनाही २०२१ साली मंजूर झाली. मात्र मुलाची सोय दसऱ्यापूर्वीच झाली पाहिजे. गावातून ट्रक निघून गेल्यावर उघडलेले वसतिगृह कागदावर भरते, त्या मुलाच्या उपयोगी पडत नाही.