रिपरिप पावसाचं मोल

मी बेंगळुरूहून बोलतोय. २०२४च्या उन्हाळ्यात इथल्या हजारो बोअरवेल कोरड्या पडल्या; आम्ही टँकरची वाट पाहत होतो. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला फेंगल चक्रीवादळ पुदुच्चेरीजवळ किनाऱ्यावर आलं आणि आमच्याकडे रिपरिप लागली. लोक वैतागले, मला बरं वाटलं.

वळवाचा पाऊस धो धो कोसळतो आणि बराचसा गटारात वाहून जातो. हिवाळ्यातली रिपरिप सावकाश मुरते. ऊन सौम्य, म्हणून बाष्पीभवनही कमी. सोलापूरकडचा शाळू अशाच मुरलेल्या ओलीवर पिकतो.

पण आधी तहानलेली माती भिजते, मगच उरलेलं पाणी खाली झिरपतं. एका पावसाने बोअर भरत नाही. म्हणून अंगणात थोडी तरी माती मोकळी ठेवा.